हुग्गीच्या तीन वाट्या

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
उमरगा, फाल्गुन वद्य १२, शके १८६५

तीर्थस्वरूप वहिनी शांताक्का यांस धाकटा दीर गुरुसिद्धप्पा याचे शरणार्थ.

उद्या सकाळी तट्टूवर खोगीर टाकून निघतो, म्हणून आजच लिहायला बसलो. लढाईमुळं कापड येईना झालंय. दुकानात गठ्ठे उरलेत तीन, आणि तेवढे विकायला माझी बायको इरम्मा एकटी पुरे आहे. तेव्हा तुम्ही सांगितल्याप्रमाणे सबंध चैत्र महिना मी चन्नम्मासाठी स्थळं बघण्यात घालवणार. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या मुलीचं लग्न माझ्या अंगावर आहे आणि ते मी वैशाखात करून दाखवतो.

तुमच्या कानावर कुणीतरी घातलंय की मी स्थळं बघायच्या नावाखाली गाणी ऐकत हिंडणार. वहिनी, हे सगळं इरम्माचं काम. चैत्रात सुगी आटोपून माणसं मोकळी होतात आणि गावोगाव भजन, ओव्या, सवाल-जवाब सुरू होतात, यात माझा काय गुन्हा? मी तर माझे टाळसुद्धा घरी ठेवून चाललोय. मोठे टाळ. धाकटे खोगिरातच राहिलेत, ते आता कोण काढतो.

तुम्ही दिलेली चारही नावं पदराला गाठ मारल्यासारखी लक्षात आहेत. पत्र मुरूमला बंडप्पाच्या दुकानी टाका, तो मी जाईन तिथं पोचतं करतो. चन्नी, तुझ्या अव्वाला हे पत्र अक्षर न् अक्षर वाचून दाखव.

आपला आज्ञाधारक,
गुरुसिद्धप्पा

---

बेंबळी, चैत्र शुद्ध २, शके १८६६

गुरुसिद्धप्पा भावजींस शांताक्काचे आशीर्वाद. अव्वा सांगते तसं मी, चन्नम्मा, लिहिते आहे.

भावजी, तुमचं पत्र पोचलं. धाकटे टाळ खोगिरात राहिले म्हणे. तुम्ही खोगीर विसराल पण टाळ विसरणार न्हाय. ते जाऊ द्या. मला एकच सांगायचंय, ते नीट ऐका.

ज्या घरी मुलगा बघायला जाल तिथं भाकरी खा, चटणी खा, ताक प्या. पण त्यांच्या चुलीवरचं गोड तोंडात घालू नका. गुळाचा खडासुद्धा नको. आपल्यात रीत कशी हाय, तुम्हाला ठाऊक हाय. मुलीकडच्या माणसानं मुलाच्या घरचं गोड खाल्लं की सोयरीक पक्की, मग देवसुद्धा मोडू शकत न्हाय. मागल्या साली आपल्या शेजारच्या सारजाबाईचा भाऊ असाच मुलगा बघायला गेला, शिरा बघून पाघळला आणि भाचीला आता सासू दोन हायत, एक सख्खी आणि एक चुलत, दोघी एकाच वेळी वरडतात. तुमची जीभ मला माहीत हाय. गूळ-गव्हाची हुग्गी दिसली की तुम्ही गहू कुठल्या शेतातला हेसुद्धा विचारत न्हाय. हे लिहू नको, चन्नी. पुढचं लिही. मुलगा निर्व्यसनी पाहिजे, घरी विहीर पाहिजे, सासू थोडी बहिरी असली तर चांगलंच. हे पण लिहू नको.

अव्वाचं संपलं. ती आता म्हशीला पाणी दाखवायला गेलीय, तेवढ्यात माझं लिहिते. काका, गाण्याचं सगळं सगळं लिहा. मी वाचताना ते गाळीन आणि फक्त नवरदेवाचं मोठ्यानं वाचीन. अव्वाला कुठं कळतंय. आणि माझं एक मागणं आहे. अप्पांची, म्हणजे तुमच्या अण्णांची, एकतारी खुंटीवर आहे. ती मला सासरी न्यायचीय आणि तिथं ती वाजवायचीय, रोज. ज्या घरात ती टांगू देतील ते घर चालेल, मग विहीर नसली तरी. हे मी अव्वाला सांगू शकत नाही. ती म्हणेल, सासरची माणसं विचारतील, सून आणली की गोसावी. तुम्ही बघा. जात्यावर मी तुमची ओवी केली आहे :

दळिते मी ग जोंधळं, जातं फिरं गरागरा
काका शोधी ढोलकी, कुणी शोधावा नवरा

चन्नम्मा

---

आलूर, चैत्र शुद्ध ७

तीर्थस्वरूप वहिनींस शरणार्थ.

पहिलं स्थळ पाहिलं. मुलगा उंच, दात स्वच्छ, घरी विहीर आहे. पण नको. कारण समक्ष सांगीन. गोड खाल्लं नाही. समोर शेवयांची खीर आली तेव्हा पोटात कळ आल्याचं सोंग करून उठलो आणि बाहेर येऊन खरंच कळ आली. कळावे.

चन्नी, इथून पुढचं तुझं.

आलूरला कलगीवाल्यांची आणि तुऱ्यावाल्यांची गाठ पडली. पारावर दोन फड समोरासमोर, मध्ये सगळं गाव. एका बाजूनं डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच जवाब द्यायचा. जवाब येत नाही तोवर डफ खाली. कलगीवाल्यांचा शाहीर म्हातारा, एक डोळा अधू, पण सवाल असा टाकतो की समोरचा घाम पुसायला लागतो. त्यानं विचारलं, जन्माच्या आधी कुठलं लुगडं नेसतात आणि मेल्यावर कुठलं सोडतात. तुऱ्यावाले गप. डफ खाली. लोक हसायला लागले. मग त्यांच्यातला एक पोरगेला गडी पुढं आला आणि कातडीवर, मायेवर चार कडवी बांधून अशी म्हटली की म्हाताऱ्यानं स्वतःच्या डोक्याचा फेटा उतरवून त्याला बांधला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पोरी. हरलेल्या बाजूनं जिंकलेल्याला फेटा बांधणं बघायला मिळालं तर महिना वसूल झाला म्हणायचं.

आणि तुझा नवरदेव माझ्या शेजारी बसला होता. त्या चार कडव्यांत तो दोनदा जांभई देऊन म्हणाला, "किती वेळ चाललंय वो हे?" म्हणून नको.

काका

---

बेंबळी, चैत्र शुद्ध ११

भावजींस आशीर्वाद.

अव्वा सांगते : तीन पानांचं पत्र आलं आणि चन्नीनं ते इतक्यात वाचून संपवलं की माझी भाकरीसुद्धा पलटून झाली न्हवती. वाचताना तिचं बोट एका जागी थांबतं, मग पानाच्या तळाशी उडी मारतं. ह्या उड्या कसल्या, ते तुम्ही दोघं जाणा.

मुलाचे दात स्वच्छ, घरी विहीर, तरी नको. का? जांभई कुणाला येत न्हाय? मला तर तुमच्या गाण्याला नेहमीच येते. दुसरं स्थळ जेवळीचं बघा, आणि चौथं, नळदुर्गच्या शंकरप्पा आडत्याचं, ते सर्वांत मोठं घर हाय, तिथं जपून वागा. मोठं घर म्हणून सांगत न्हाय, पण मोठं घर हाय. हे लिहू नको.

काका, आता माझं. मी जांभईचं वाचलंच नव्हतं! एक शब्दसुद्धा नाही. मग अव्वानं जांभई कुठून काढली? विचारलं तर म्हणते, "मुलगा नको म्हटला की दुसरं काय कारण असणार, तुझा काका मला ठाऊक न्हाय व्हय?" असेल बाई. ती फार हुशार आहे, नुसतं वाचता येत नाही एवढंच.

फेट्याचं तीनदा वाचलं. जिंकलेल्याचा आवाज कसा होता ते लिहिलंच नाही तुम्ही.

चन्नम्मा

---

जेवळी, चैत्र पौर्णिमा

तीर्थस्वरूप वहिनींस शरणार्थ.

दुसरं स्थळ जेवळीचं आणि तिसरं त्याच्याच आतेभावाचं, दोन्ही एका दिवसात उरकली. जेवळीचा मुलगा बरा आहे पण त्याच्या आईनं घरातली प्रत्येक वस्तू कितीला आणली ते सांगितलं, सून कितीला पडेल तेसुद्धा विचारलं. तिसऱ्याला मी (चन्नी, एवढं वाक्य गाळ) एकतारीबद्दल सहज विचारलं तर तो म्हणाला, "भोपळा चांगला वाळलेला असंल तर बी ठेवायला कामाला यील." उठून आलो. गोड खाल्लं नाही.

चन्नी, आलूरच्या त्या गड्याचा आवाज खडबडीत, नव्या घोंगडीसारखा. आता ऐक. जेवळीच्या माळावर बिराप्पा धनगर मेंढरं बसवून होता. त्याच्याकडे ढोलावरच्या ओव्या होत्या. सात ढोल. मी अगदी लगतच बसलो, इतका की ढोल वाजला की माझ्या शर्टाची गुंडी हलायची. बिराप्पा एक ओवी टाकतो आणि मागचे बाराजण ती उचलून नेतात. ओवी पुढं पुढं जाते, मेंढरं मान वर करून ऐकतात. मधे थांबून तो म्हणतो, "सावकार, तुमी टाळ काढा की, खोगिरात हायत न्हवं." त्याला कसं कळलं देव जाणे. काढले. सात ढोलांत माझे टाळ कुणालाच ऐकू गेले नाहीत, पण मला ऐकू आले.

दुसऱ्या दिवसापासून उजव्या कानाला थोडा दडा बसलाय. अव्वाला सांगू नको.

आता नळदुर्ग. तिथं शंकरप्पाच्या घरी सोमवारी भजन आहे असंही कळलं. योगायोग.

काका

---

नळदुर्ग, चैत्र वद्य ४

तीर्थस्वरूप वहिनींस शरणार्थ. मी खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. हवा कोरडी आहे. कळावे, लोभ असावा.

चन्नी, तुझ्या काकाकडून घात झाला. बसून वाच.

सोमवारी उन्हं कलल्यावर शंकरप्पाच्या ओसरीवर भजन बसलं. त्याचा कसला तरी नवस होता. मंडळी बाहेरगावची होती. पुढं एक म्हातारे बुवा, त्यांच्या हाती एकतारी, मागं आठ-दहा जण. बुवांनी पद उचललं आणि मी डोळे मिटले. पोरी, मी तीस वर्षं भजनं ऐकतोय. असं ऐकलं नव्हतं. बुवा ओळ सोडायचे आणि मागून एकजण ती इतकी हलकी झेलायचा की ओळ कुठं सुटली आणि कुठं धरली ते कळायचं नाही. मला अण्णा आठवले. अण्णा गायचे आणि मी मागं धरायचो. मी तिथं नव्हतोच. माझ्या हातात कुणीतरी काही दिलं, मी घेतलं. तोंडात काही जात होतं, ते जाऊ दिलं.

पद संपलं, डोळे उघडले. मांडीवर वाटी. वाटीत तळाला दोन गहू. जिभेवर गूळ, वेलदोडा, खोबरं. हुग्गी! शेजारचा म्हणाला, "तिसरी वाटी झाली तुमची." तेवढ्यात शंकरप्पा आला आणि सगळ्यांसमोर माझ्या कपाळाला गुलाल लावून म्हणाला, "सोयरे, बोलायचं काही राहिलंच न्हाय."

आणि मुलगा गुंडप्पा. धट्टाकट्टा, मालदार आहे. भजन चालू असताना तो दारात उभा राहून आडतीची पोती मोजत होता, मोठ्यानं. मी नंतर विचारलं, घरात सून एकतारी वाजवील तर? म्हणाला, "भजनवाले बोलावले तर येतात की. घरातल्या बाईनं कशाला नरडं ताणायचं? आमच्यात चालत न्हाय."

मला क्षमा कर असं म्हणायलाही तोंड नाही. हे पत्र अव्वाला कसं वाचायचं ते तूच ठरव.

काका

---

बेंबळी, चैत्र वद्य ८

भावजी,

अव्वा म्हणते आशीर्वाद लिहू नको, म्हणून लिहिला नाही.

शंकरप्पाचा माणूस येऊन गेला. इरकली लुगडं आणि नारळ ओटीत घालून गेला, सारं गाव दारात उभं होतं. तीन वाट्या, भावजी? एक वाटी चुकून जाते. दुसरी भिडेखातर जाते. तिसरी वाटी माणूस का खातो? मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती. खाऊ नका. एवढंच. मुलगी तुमच्या अण्णाची हाय, माझी हाय, आणि तुम्ही तिला वाटीत घालून देऊन आलात. माझा जीव जळतो. हे लिही, चन्नी. मोठ्या अक्षरात लिही.

आता शब्द गेला तो गेला. अमावास्येच्या आदल्या दिवशी ते बापलेक तिथी धरायला येणार हायत. तुम्ही येऊ नका. आलात तर मी काय बोलंन त्याचा भरवसा न्हाय. तोवर एवढंच करा, डोकं थंड ठेवून आठवा. त्या दिवशी काय झालं, कुणी वाढलं, कशातनं वाढलं, सगळं आठवा आणि लिहा. तुम्हाला दुसरं काही येत न्हाय, पण ऐकलेलं तुम्ही विसरत न्हाय.

काका, माझं थोडंच. मी अव्वाला तुमच्या पत्रातलं फक्त 'हवा कोरडी आहे' एवढंच वाचून दाखवलं होतं. लुगडं आल्यावर तिला कळलं. मी रागावले नाही तुमच्यावर. बुवांचं वाचताना मलाही अप्पाच आठवले. पण काल मी एकतारी खुंटीवरून काढली आणि जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवली. रोज दिसते आणि रडू येतं.

चन्नम्मा

---

अणदूर, चैत्र वद्य ११

तीर्थस्वरूप वहिनींस साष्टांग शरणार्थ. चन्नी, हे पत्र अव्वाला अख्खं वाच. एक ओळ गाळशील तर माझी शपथ.

वहिनी, तुमची आज्ञा झाल्यावर मी नळदुर्गच्या धर्मशाळेत डोळे मिटून बसलो आणि ते सगळं भजन पहिल्यापासून आठवलं. कुणी वाढलं ते मला दिसलंच नव्हतं, पण ऐकू सगळं आलं होतं. बुवांची ओळ मागून झेलणारा जो होता, त्याचा आवाज दुसऱ्या कडव्याला गेला. पूर्ण कडवंभर नव्हता. तिसऱ्याला आला. चौथ्याला पुन्हा गेला. सातव्यालाही गेला. मी तेव्हा मनात चुकचुकलो होतो की हा मधेच उठतो कशाला. तीनदा आवाज गेला आणि वाट्या किती झाल्या? तीन! म्हणजे वाढणारा तोच. शंकरप्पाच्या घरचं माणूस नव्हेच.

मंडळी अणदूरची होती. तट्टू पळवत इथं आलो. विचारलं, बुवांच्या मागं कोण धरतं? लोक म्हणाले, कल्याणप्पा. मळ्यात गेलो तर मोटेवर उभा. बावीस-तेवीसचा असेल, लग्न व्हायचंय. मला बघून हसायलाच लागला. म्हणाला, "व्हय, म्याच वाढली. तुमी डोळे मिटून बसला होता. वाटी रिकामी झाली की हात आपोआप पुढं येत होता. मला वाटलं नवस असंल."

मी म्हटलं, हुग्गी कुणाची? तो म्हणाला, "आमची. भजनी मंडळाची रीतच हाय, भजन कुणाच्या बी ओसरीवर बसू दे, गोड मंडळातल्या एकाच्या घरनं जातं, पाळीपाळीनं. त्या सोमवारी आमची पाळी होती. आईनं रांधली, आमी पातेलं गाडीत घालून नेलं."

त्याची आई लक्ष्मम्मा भेटली. थोडी बहिरी आहे. मी हुग्गीची तारीफ केली तर तिला वाटलं मी आणखी मागतोय, आणि तिनं ताटली पुढं केली. वहिनी, अण्णांची शपथ, मी खाल्ली नाही. मग मी एकतारीचं विचारलं. कल्याणप्पानं मला आत नेलं. भिंतीला दोन खुंट्या. एकीवर त्याची एकतारी. म्हणाला, "दुसरी बापाची. गेल्या साली गेले, त्यांची एकतारी त्यांच्याबरोबरच समाधीत ठेवली. खुंटी तेवढी राहिली."

आता पुढं काय करायचं ते मला कळत नाही. तुम्हीच बघा. शंकरप्पा मोठा माणूस आहे आणि गुलाल माझ्या कपाळावर सगळ्यांनी पाहिलाय.

गुरुसिद्धप्पा

---

बेंबळी, चैत्र अमावास्या

ती. काकांस चन्नम्माचे शरणार्थ.

आज अव्वानं सांगितलेलं नाही, माझंच लिहिते.

तुमचं पत्र मी परवा अख्खं वाचलं. अव्वा डाळ निवडत ऐकत होती. एकदाही मान वर केली नाही. आश्चर्यसुद्धा वाटलं नाही तिला. नुसती म्हणाली, "मठपतींना उद्या जेवायला बोलाव."

काल शंकरप्पा आणि गुंडप्पा आले. रीतीभातीचा निवाडा करणारे मठपती पाटावर, शेजारपाजारचे ओसरीवर, सारजाबाई खिडकीत. मी माजघरातनं ऐकत होते. अव्वा इतकी गोड बोलत होती की मला भीती वाटली. म्हणाली, "भावजींनी तुमच्या हुग्गीची लई तारीफ केली. गूळ किती घातला, गहू कुठला, जरा सांगा. लग्नात तशीच करायचीय. घरात कुणी रांधली?"

गुंडप्पाला तेच पाहिजे होतं. छाती पुढं काढून म्हणाला, "आमी रांधत बसतो व्हय! शंभर माणूस जेवलं आणि आमच्या घरचा गव्हाचा दाणा लागला न्हाय. भजनवाले घेऊन येतात. त्या दिवशी आमी चूलसुद्धा पेटवली न्हाय."

शंकरप्पा मान हलवून हसत होता. मुलगा हुशार निघाला म्हणून.

अव्वा म्हणाली, "चूल पेटवलीच न्हाय?"

"बिलकूल न्हाय."

"मग आमच्या भावजींनी तुमच्या घरचं खाल्लं काय?"

"पाणी पिले की तांब्याभर."

मठपती पानाला चुना लावत होते, त्यांचा हात थांबला. ओसरीवर कुणीतरी खोकलं. शंकरप्पाचं हसू गेलं, त्याला कळलं, पण मुलाला अजून कळलं नव्हतं. तो सांगतच होता की वाट्यासुद्धा मंडळाच्याच होत्या. अव्वा मठपतींना म्हणाली, "स्वामी, तुम्ही सांगाल तसं. आपल्यात पाण्यानं सोयरीक होते काय?" मठपती म्हणाले, पाण्यानं होत असती तर नळदुर्गच्या किल्ल्यातल्या धबधब्यानं सगळा मुलूख शंकरप्पाचा सोयरा झाला असता. सारजाबाई खिडकीतनं एवढ्यांदा हसली की म्हैस उठून उभी राहिली.

लुगडं आणि नारळ अव्वानं घडीसकट परत दिलं. शंकरप्पा रागानं म्हणाला, "मग पोरीची सोयरीक कुणाशी?" अव्वा म्हणाली, "ज्या चुलीवर हुग्गी शिजली त्या चुलीशी. शब्द मोडायची आमच्यात रीत न्हाय."

काका, मी माळ्यावर चढून एकतारी खाली काढली. तार सैल झाली होती. लावली. अव्वा चुलीपाशी भाकरी थापत होती.

एक गोष्ट मात्र मला अजून कळत नाही. माझी होणारी सासू थोडी बहिरी आहे हे अव्वानं मला कालच हसत सांगितलं. ते एवढं तर मी परवा वाचताना चुकून गाळलं होतं.

चन्नम्मा

---

बेंबळी, वैशाख वद्य १०

गुरुसिद्धप्पा भावजींस आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हातचं आहे. अक्षर वाकडं आहे, ओळी खाली घसरतात, समजून घ्या. पहिलंच आहे.

तुमचे अण्णा चन्नीला पाटीवर शिकवायचे तेव्हा मी चुलीपुढं बसून राखेत तीच अक्षरं काडीनं काढायची आणि पुसायची. त्यांनाही सांगितलं नाही. ते गेल्यावर पत्रं चन्नी लिहायला लागली. मला वाचता येत नाही असं तिला वाटायचं, म्हणून ती मनातलं लिहायची. माझ्या तोंडावर ती एकतारीचं कधी बोलली नसती. मुलगी काय मागते हे कळायला मला दुसरी वाट नव्हती, म्हणून मी अडाणीच राहिले. तुमचं आलेलं आणि तिनं लिहिलेलं पत्र ती जोंधळ्याच्या कणगीत लपवायची आणि पाण्याला जायची. तिला आडावर जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी दोन पानं वाचते. तुमचं अक्षर घाईचं आहे, त्याला जास्त वेळ लागतो.

हे लिहू नको असं मी जे जे म्हणायची ते ती हटकून लिहायची. म्हणून तर म्हणायची.

तुम्ही हुग्गी खाल्ली तेव्हा मी जे बोलले ते मात्र सगळं खरं होतं. दोन दिवस जेवले नाही. मग तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मुलगा दारात पोती मोजत होता हे तुम्ही लिहिलं होतं. मला वाटलं, दाणा न् दाणा मोजणारं घर शंभर माणसांना हुग्गी घालील का? म्हणून तुम्हाला आठवायला लावलं. तुमच्या कानानं घात केला आणि तुमच्याच कानानं निस्तरला. तुमचे अण्णा असते तर हसले असते.

लग्नात तुम्ही बघितलंतच. लक्ष्मम्मा चांगली आहे. मी हळू बोलले तरी हसते आणि मोठ्यानं बोलले तरी हसते. कल्याणप्पानं एकतारी स्वतःच्या हातानं गाडीत ठेवली, खाली गवत घालून. चन्नीचं काल पत्र आलं, दोन्ही खुंट्या भरल्या म्हणून. ती पत्र तुमच्या नावानं लिहिते आणि माझ्याकडे धाडते, तुम्ही आलात की मला वाचून दाखवाल म्हणून. मी अडाणी आहे हे तिला अजून खरं वाटतं. तुम्ही सांगू नका. मी केव्हातरी सांगीन.

इकडची खुंटी रिकामी आहे. घर फार गप्प आहे. सकाळी जात्यावर बसते, ओवी उचलते, आणि मागून धरायला कुणी नाही. गाणं मला आवडत नाही असं मी तुम्हाला वीस वर्षं सांगत आले. ते खोटं होतं. घरात दोन गाणारे असले की एकानं भाकरी करावी लागते.

इरम्मानं निरोप पाठवला की तुम्ही परवापासून पुन्हा तट्टू घेऊन गायब आहात. बरं केलंत. आता कुणाचे दात बघायचे नाहीत, विहीर बघायची नाही, गोड मिळेल ते खा. आणि कुठं बसलात, कोण गायलं, ओळ कुठं सोडली आणि कुणी झेलली, ते पानंच्या पानं लिहा. मधलं गाळून वाचणारं आता घरात कुणी नाही. सगळं मीच वाचणार आहे.

शांताक्का